बालवयातील संगीत आणि मेंदूची जडणघडण

आपले मूल हुशार निघावे ही प्रत्येक आईबापाची इच्छा असते. ज्यांना स्वतःला शाळेची पायरी फार काळ चढता आली नाही, त्यांच्या मनात तर ती अधिकच तीव्र असते. या इच्छेच्या जोरावर आज एक मोठा बाजार उभा आहे. गर्भवती मातेने ऐकायचे संगीत, तान्ह्या बाळाच्या उशाशी लावायचे संगीत, परीक्षेच्या काळात स्मरणशक्ती वाढवणारे संगीत अशी नाना नावे देऊन हा माल विकला जातो. मोबाईल आल्यापासून तर तो घरोघरी पोचला आहे. हातावर पोट असलेली माणसेसुद्धा यावर पैसे खर्च करताना दिसतात आणि आम्हाला विचारतात, याने खरेच मेंदू वाढतो का? या प्रश्नाचे सरळ उत्तर देण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. लहान वयातील संगीताचा आणि मेंदूचा संबंध निश्चित आहे. मात्र तो विक्रेते सांगतात तसा नाही.

प्रथम ही समजूत कोठून निघाली ते पाहू. १९९३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील फ्रान्सिस रॉशर, गॉर्डन शॉ आणि त्यांची एक सहकारी यांनी ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी मोझार्टची दोन पियानोंसाठी रचलेली एक सोनाटा १० मिनिटे ऐकवली. नंतर लगेच, घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा धर्तीची कोडी त्यांना घातली. नुसते शांत बसलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा संगीत ऐकलेल्यांचे गुण बुद्ध्यांकाच्या मापात आठ-नऊ अंकांनी जास्त आले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला, हेही त्याच टिपणात लिहिलेले होते. प्रयोगात एकही बालक नव्हते. ‘बुद्धी वाढते’ असे संशोधकांनी म्हटलेले नव्हते.

वर्तमानपत्रांनी मात्र त्याचे ‘मोझार्ट परिणाम’ असे नाव करून टाकले आणि बघता बघता तो बाळांना लागू झाला. १९९८ साली जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीताची तबकडी देण्यासाठी विधिमंडळाकडे १,०५,००० डॉलर मागितले! सुशिक्षित देशात अंधश्रद्धा नसते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, इतर शास्त्रज्ञांनी तोच प्रयोग करून पाहिला असता परिणाम जवळजवळ दिसेना. टोरँटो येथील संशोधकांनी तर असे दाखवले की, ज्यांना गोष्ट ऐकणे अधिक आवडते त्यांना गोष्ट ऐकवली तरी कोडी चांगली सुटतात. म्हणजे मन प्रसन्न व उल्हसित झाले की माणूस थोडा वेळ तरतरीत होतो, एवढाच त्यातला अर्थ. चहाच्या कपानेही इतके होते. २०१० साली व्हिएन्ना येथील तिघा संशोधकांनी तोवरचे सुमारे ४० अभ्यास, त्यांत ३,००० हून अधिक माणसे, एकत्र तपासून या प्रकरणावर जवळजवळ पडदा टाकला. दुकाने मात्र चालूच आहेत.

आता खऱ्या संबंधाकडे वळू. मुलाचा कान जन्मापूर्वीच काम करू लागतो. गर्भाच्या साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाहेरचे आवाज त्याच्यापर्यंत पोचतात. आईचा आवाज तर तिच्या शरीरातूनच जातो. १९८० साली अँथनी डिकॅस्पर व विल्यम फायफर यांनी दाखवून दिले की, जन्मून तीन दिवसही न झालेली बाळे परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखणीवरची आपली चोखण्याची लय बदलतात. २०१३ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मातांनी एक साधे बालगीत वारंवार वाजवले. त्या बाळांच्या मेंदूने ती चाल जन्मानंतर चार महिन्यांनीही ओळखली. येथे कोणाला अभिमन्यूची गोष्ट आठवेल, म्हणून स्पष्ट करतो. बाळाला ओळखीची वाटते ती चाल, तो नाद. त्यातला अर्थ किंवा ज्ञान त्याला पोटात कळत नाही. आणि त्यासाठी पोटावर यंत्र बांधण्याचीही गरज नाही. आई गुणगुणते तेवढे पुरे आहे.

जन्माच्या वेळी मेंदूचे वजन प्रौढ माणसाच्या मेंदूच्या सुमारे एक चतुर्थांश असते. सहा वर्षांचे मूल शाळेत जाऊ लागते तेव्हा ते सुमारे ९० टक्क्यांवर पोचलेले असते. या काळात मज्जापेशींची संख्या फारशी वाढत नाही. वाढतात ते एका पेशीचे दुसऱ्या पेशीशी असलेले सांधे. आधी हे सांधे गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात. मग जे वापरात येतात ते पक्के होतात आणि बाकीचे झडून जातात. शेतकरी दाट उगवलेल्या रोपांची विरळणी करतो, तसेच हे आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर हुटनलॉकर यांनी मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील असे सांधे मोजले. ऐकण्याशी संबंधित भागात ते वयाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सर्वाधिक असतात आणि त्यांची विरळणी साधारण १२ वर्षांपर्यंत चालते, असे त्यांना आढळले. विचार व संयम यांच्याशी संबंधित पुढच्या भागात हेच काम पुष्कळ उशिरा होते. कान आधी घडतो आणि विवेक मागून येतो, असे म्हणायला हरकत नाही.

या विरळणीचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. आपण ‘ट’ आणि ‘त’ सहज वेगळे ऐकतो. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढ माणसाला ते ऐकू येत नाही. त्याला दोन्ही एकच वाटतात. १९८४ साली कॅनडातील जेनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी हिंदीतील याच वर्णांच्या जोडीचा प्रयोग इंग्रजीभाषक घरांतील बाळांवर केला. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांची होईतो बहुतेकांचा तो गेला. घरात तो कानावर पडतच नव्हता, म्हणून मेंदूने तो सोडून दिला.

तालाचेही तसेच आहे. आपल्या रूपक तालात सात मात्रा असतात आणि त्यांचे विभाग तीन, दोन, दोन असे विषम पडतात. युरोपात बल्गेरिया-मॅसिडोनियाकडच्या लोकनृत्यांत असेच विषम ठेके आहेत. उत्तर अमेरिकेच्या नेहमीच्या गाण्यांत ते जवळजवळ नसतात. एरिन हॅनन व सँड्रा ट्रेहब यांनी २००५ साली तपासले तेव्हा सहा महिन्यांच्या अमेरिकन बाळांना अशा ठेक्यातली चूक कळत होती. वर्षाच्या बाळांना ती कळेनाशी झाली. पण त्यांना दोन आठवडे रोज थोडा वेळ ते संगीत ऐकवल्यावर पुन्हा कळू लागली. प्रौढांना मात्र तेवढेच ऐकवूनही जमले नाही. लहान वयात कानावर काय पडते याला महत्त्व आहे ते एवढ्यासाठी. ज्या घरात ढोलकीवर हात पडतो, पेटीवर सूर धरला जातो, त्या घरातले मूल कोणी न शिकवता पुष्कळ काही घेऊन मोठे होते.

येथे एक प्रश्न उरतो. मग मोबाईलवर गाणी लावून मुलाला पाळण्यात ठेवले तर चालेल का? याबाबत पॅट्रिशिया कूल यांचे सिएटल येथील काम महत्त्वाचे आहे. २००३ साली त्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना १२ बैठकांमध्ये चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर प्रत्यक्ष चिनी बोलणारी माणसे बसून खेळत-बोलत होती. काहींना त्याच माणसांची तीच बोलणी पडद्यावर दाखवली, तर काहींना फक्त ध्वनिमुद्रण ऐकवले. प्रत्यक्ष माणसांकडून बाळे चिनी वर्ण ओळखायला शिकली. पडद्याकडून व ध्वनिमुद्रणाकडून काहीही शिकली नाहीत. आम्हाला तरी या साऱ्या संशोधनात याहून मोलाची गोष्ट आढळली नाही.

संगीताचा प्रयोग तेथेच २०१६ साली झाला. नऊ महिन्यांच्या बाळांना आईबापांच्या मांडीवर बसवून तीन मात्रांच्या ठेक्यावर टिपऱ्या, खुळखुळे वाजवीत १५ मिनिटांच्या १२ बैठका घेतल्या. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ खेळण्यांशी खेळण्यात घालवला. नंतर मेंदूतील हालचाल मोजली असता, संगीताच्या गटातील बाळांचे मेंदू ठेक्यातील बिघाडाला तर अधिक स्पष्ट प्रतिसाद देत होतेच, पण बोलण्यातील लयीच्या बदलालाही देत होते. एकूण ३९ बाळांचा हा छोटा प्रयोग आहे आणि ही बाळे पुढे शाळेत कशी निघाली, हे तो सांगत नाही. पण ठेका आणि बोली यांचे नाते त्यातून दिसते.

हे नाते आपल्या आज्यांना ठाऊक होते, फक्त त्यांनी ते कोठे लिहून ठेवले नाही. महाराष्ट्रातील स्त्रियांनी जात्यावर गायिलेल्या ओव्या हेमा राईरकर व गी पॉइत्वँ यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. पहाटे दळणाऱ्या बाईच्या मांडीवर डोके ठेवून मूल झोपलेले असे. जात्याची घरघर, त्यावर बेतलेली ओवी, दर ओळीच्या शेवटी येणारे यमक हे सगळे त्याच्या कानात जाई. त्या घरांत पाटी-पुस्तक नव्हते, पण भाषेचा नाद भरपूर होता. पिठाची गिरणी आली, बाईचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. त्या कष्टांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण ओवीच्या जागी दुसरे गाणे घरात आले का, हे विचारायला हवे.

यमकाचा आणि वाचनाचा संबंध तर सिद्ध झालेला आहे. १९८३ साली ऑक्सफर्ड येथील लिनेट ब्रॅडली व पीटर ब्रायंट यांनी चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शब्दांतील सारखे आवाज ज्यांना लहानपणीच ओळखता येत होते, ती मुले तीन-चार वर्षांनंतर वाचनात पुढे होती. मुले ‘अडगुलं मडगुलं’ म्हणत टाळ्या वाजवतात तेव्हा ती शब्दांचे तुकडे पाडायला आणि जुळणारे शेवट हेरायला शिकत असतात. पुढे पाटीवर अक्षर आले की त्या तुकड्यांना आकार मिळतो. अंगणवाडीतील बडबडगीतांना ‘नुसता वेळ घालवणे’ म्हणणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिचा एक भाग पूर्व-प्राथमिक शिक्षण हा आहे आणि गाणी त्याचा कणा आहेत. खिचडी वाटून झाली की काम संपले, असे सेविकेनेही मानू नये आणि आपणही.

आता ज्या कामाने आम्हाला सर्वांत अधिक विचार करायला लावला, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. लॉस एंजेलिस शहरात टोळीयुद्धांनी ग्रासलेल्या गरीब वस्त्या आहेत. तेथे मार्गारेट मार्टिन यांनी २००१ साली ‘हार्मनी प्रोजेक्ट’ ही संस्था काढली. गरीब घरातील मुलांना वाद्य फुकट द्यायचे, शिकवणीही फुकट द्यायची, आणि मूल शाळा पूर्ण करेपर्यंत त्याला सोडायचे नाही, असा तिचा क्रम. मुले बहुतांशी स्थलांतरितांच्या स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली. मेंदूतील श्रवणाचा अभ्यास करणाऱ्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नीना क्राउस यांनी या मुलांची तपासणी केली. त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले.

सहा ते नऊ वर्षांची मुले होती. अर्ध्या मुलांना लगेच प्रवेश मिळाला, उरलेल्यांना एक वर्ष थांबावे लागले. त्यामुळे आपोआपच तुलना करता आली. डोक्याला तारा लावून, ‘बा’ आणि ‘गा’ असे जवळजवळचे आवाज ऐकताना मेंदू त्यांतील फरक किती नेमका टिपतो, ते मोजले. एक वर्ष शिकल्यानंतर काहीच फरक दिसला नाही! दुसरे वर्ष पुरे झाले तेव्हा मात्र तो स्पष्ट दिसला. ज्यांनी दोन वर्षे शिक्षण घेतले, त्यांचा मेंदू हे आवाज अधिक चोख वेगळे करू लागला होता. जे अधिक तास शिकले, त्यांच्यात सुधारणाही अधिक. शिवाय नुसते संगीताच्या तासाला बसून ऐकणाऱ्यांपेक्षा हाताने वाद्य वाजवणाऱ्यांना अधिक लाभ झाला, असेही याच गटाच्या कामातून पुढे आले.

‘बा’ आणि ‘गा’ यांचे इतके काय, असे वाचकांना वाटेल. पण ७० मुलांच्या वर्गात, पंख्याच्या खडखडाटात, बाईंनी ‘वाट’ म्हटले की ‘वात’, हे मागच्या बाकावरच्या मुलाला ऐकू आले नाही, तर तो शुद्धलेखनात चुकतो. चुकला की मार किंवा हसणे वाट्याला येते आणि ‘याला डोकेच नाही’ असा शिक्का बसतो. डोके असते, आवाजच त्याच्यापर्यंत नीट पोचलेला नसतो. याच क्राउस यांच्या प्रयोगशाळेने २०१३ साली असेही दाखवले होते की, ज्यांच्या आयांना शिक्षण कमी मिळाले त्या मुलांचा मेंदू आवाज टिपताना अधिक गोंधळतो. हे वाचून कोणी जन्मजात कमीपणाचा निष्कर्ष काढू नये. गोंगाटाची वस्ती आणि कानावर पडणारे थोडके शब्द, ही त्याची कारणे संशोधक देतात. परिस्थितीने जे बिघडवले ते दोन वर्षांच्या नियमित शिक्षणाने काही प्रमाणात सुधारू शकते, असा लॉस एंजेलिसच्या प्रयोगाचा अर्थ आम्ही घेतो.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ग्लेन शेलनबर्ग यांनी टोरँटोत सहा वर्षांच्या १४४ मुलांचे गट पाडले. काहींना पियानोसारखे पेटीवाद्य, काहींना गायन, काहींना नाटक शिकवले, तर काहींना काहीच शिकवले नाही. ३६ आठवड्यांनंतर सर्वांचाच बुद्ध्यांक वाढला होता, कारण सर्वच शाळेत जाऊ लागले होते. संगीताच्या मुलांत ही वाढ ७ अंकांची, तर इतरांत सुमारे ४.३ अंकांची होती. फरक आहे, पण लहान आहे. आणि मिळून-मिसळून वागण्यात प्रगती झाली ती नाटकाच्या मुलांची! २०२० साली जोव्हानी साला व फर्नांड गोबे यांनी ५४ अभ्यासांतील सुमारे ७,००० मुलांची आकडेवारी एकत्र केली. ज्या अभ्यासांत दुसऱ्या गटालाही काहीतरी शिकवले होते, तेथे संगीतामुळे बुद्धी किंवा गुण वाढल्याचे जवळपास दिसले नाही. म्हणून पेटीच्या वर्गाला घातल्यामुळे मुलाला गणितात गुण मिळतील, असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. ऐकणे, बोलीतील आवाज ओळखणे आणि त्यातून वाचन, इतपत लाभाला आधार आहे. त्यापलीकडचे दावे कच्चे आहेत. आणि संगीत हे संगीतासाठी शिकण्यात कमीपणा तो कसला?

कानावर चांगले पडावे याबरोबरच वाईट पडू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. न्यूयॉर्कमध्ये एका शाळेच्या एका बाजूला उंचावरून जाणारा आगगाडीचा मार्ग होता. दर चार-पाच मिनिटांनी गाडी जाई आणि शिक्षिकेला बोलणे थांबवावे लागे. अर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ साली दोन्ही बाजूंच्या वर्गांतील मुलांचे वाचन तपासले. गोंगाटाच्या बाजूची मुले सहावीपर्यंत सुमारे एक वर्ष मागे पडली होती. त्यांच्या पाठपुराव्यामुळे रुळांखाली रबर बसले, वर्गांना आवाज शोषणारी छते मिळाली, आणि १९८१ साली पुन्हा पाहिले तर दोन्ही बाजूंची मुले सारखी वाचत होती. शिक्षक व पुस्तके तीच होती, फक्त आवाज कमी झाला होता. रेल्वेच्या रुळांलगत, महामार्गालगत आपल्या किती शाळा व अभ्यासिका आहेत!

आणि हा आवाज आपणही करतो. मिरवणुका, लग्नाच्या वराती, सर्वांचेच उत्सव यांत भिंतीसारखे रचलेले कर्णे असतात आणि त्यांच्यापुढे खांद्यावर तान्ही मुले घेतलेले बाप नाचत असतात. ८५ डेसिबल आवाजात प्रौढ कामगाराने दिवसाला आठ तासांहून अधिक राहू नये, असा संकेत आहे. त्यावर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती केवळ पंधरा मिनिटे उरते. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, पण पोलीस येण्याची वाट कशाला पाहावी? हलगी, ढोलकी आणि पंचवीस गळे एवढ्यावर मिरवणूक रंगत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ती ऐकलेलीच नसावी.

हे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना वाटेल की आमचे वय तर निघून गेले. तसे नाही. सात वर्षांच्या आत वाद्य सुरू केलेल्यांच्या मेंदूचे दोन अर्धभाग जोडणारा पट्टा अधिक जाड असतो, असे १९९५ साली गॉटफ्रीड श्लाउग यांनी दाखवले, हे खरे. पण शिकागोच्या सरकारी शाळांत १४-१५ व्या वर्षी बँड किंवा समूहगान सुरू केलेल्या मुलांचीही क्राउस यांच्या गटाने तपासणी केली. तेवढ्याच काळ लष्करी कवायत शिकलेल्या मुलांच्या तुलनेत त्यांच्या मेंदूचा बोलीला मिळणारा प्रतिसाद अधिक पक्व झाला होता. हा अभ्यास २०१५ सालचा आहे.

शेवटी एक अगदी व्यवहाराची गोष्ट. हे सारे तेव्हाच, जेव्हा मुलाला ऐकू येते. दर हजारी एक-दोन बाळे जन्मतःच बहिरी असतात आणि वर्ष-दीड वर्ष ते घरच्यांच्या लक्षात येत नाही. ‘याचा बापही उशिरा बोलला होता’ म्हणून दिवस ढकलले जातात. पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा उपचार, असा क्रम तज्ज्ञ सांगतात. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा पुष्कळ चांगली वाढते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्यात जन्मजात बहिरेपणाची तपासणी समाविष्ट आहे. मोठ्या आवाजाला बाळ दचकत नसेल, तीन-चार महिन्यांचे होऊनही आवाजाच्या दिशेने डोळे किंवा मान वळवत नसेल, किंवा कान सारखा फुटत असेल, तर त्याच आठवड्यात शासकीय रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जावे. जाताना लसीकरणाचे कार्ड आणि प्रसूतीच्या वेळचे कागद बरोबर ठेवावेत.